मैदान आधी की जंगल?

अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडच्या उत्तरेला पाहिलं की सातपुडा आडवा येतो. वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं याच रांगेत, आणि त्यांच्या पाठीशी मेळघाट. पायथ्याला कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा. तेल्हारा-अकोट पट्ट्यात पानपिंपरीचे मळे. या भागात ‘फारेस्टात लागला’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं, पण ते लागणं दोन तऱ्हांचं असतं. कुणी वनरक्षक म्हणून वर्दीत लागतो, कुणी रोपवाटिकेत रोजीनं लागतो. जंगल एकच, पण दोघांच्या पगाराचा, म्हातारपणाचा आणि मानाचा हिशेब कुठेच जुळत नाही.

बारावी विज्ञान झालेल्या एका मुलीच्या घरी याच हिशेबावरून वाद रंगला. एका बाजूला तिचे आजोबा. वनमजूर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. गाव त्यांना मामा म्हणतं. दुसऱ्या बाजूला सर. फौजेतून निवृत्त झालेले, पहाटे मैदानावर पोरापोरींकडून भरतीची तयारी करून घेणारे. मुलीनं जंगलात काम करावं, यावर दोघांचं एकमत. सुरुवात कुठून करावी, यावर दोघं दोन टोकांना. पाल्हाळ वगळून तो वाद इथे देत आहे.

जाहिरात काय मागते

सर : मामा, हवेत बोलण्यापेक्षा आपण जाहिरातच समोर धरू. २०२३ साली वन विभागानं वनरक्षकांच्या २,१३८ जागा काढल्या. अट बारावी पासची. विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी चालते. वय १८ ते २७, मागासवर्गीयांना ३२ पर्यंत. उंची मुलांना १६३ सेंटिमीटर, मुलींना १५०. अनुसूचित जमातीसाठी १५२.५ आणि १४५. तुमची नात या सगळ्यात बसते. मग तिला रोपवाटिकेत पिशव्या भरायला पाठवायचा हट्ट कशासाठी?

मामा : हट्ट नाही जी. मी इतकंच म्हनतो, पोट्टीनं आधी रान पाहावं. तुमच्या त्या परीक्षेत इचारते तरी काय?

सर : लेखी १२० गुणांची. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी. प्रत्येकाला ३० गुण. त्यात ४५ टक्के मिळाले तरच पुढचं दार उघडतं. मग ८० गुणांचं धावणं. मुलांना ५ किलोमीटरला ३० मिनिटं, मुलींना ३ किलोमीटरला २५ मिनिटं. जितकं लवकर पोचाल तितके गुण जास्त. २०० गुणांच्या बेरजेवर यादी लागते. यादीत नाव आलं की चालण्याची चाचणी. चार तासांत मुलांनी २५ किलोमीटर चालायचं, मुलींनी १६.

मामा : म्हंजे धावडा कोनता अन् अंजन कोनता, हे कोनी इचारतच नाही?

सर : सामान्य ज्ञानात वन, पर्यावरण, वन्यजीव यांवर प्रश्न येतात. पण झाड समोर उभं करून ओळखायला लावत नाहीत, हे खरं. ते पुढं शिकवतात. निवड झाली की प्रशिक्षण असतं. आपल्याला चिखलदऱ्याचं केंद्र जवळचं.

मामा : हे तं लगीन झाल्यावर पोरगी पाहाले जाण्यासारखं झालं, सर.

सर : आधी लग्न ठरू तर द्या! जागांच्या कित्येक पट अर्ज येतात. दोन-तीन मिनिटं उशिरा पोचलेला पोरगा यादीतून बाहेर फेकला जातो. पहाटेचं धावणं, रोजचं गणित, इंग्रजीचे सराव पेपर, यातून वेळ काढून तुम्ही तिला जंगलात पाठवणार. ती जंगलही शिकेल आणि भरतीलाही मुकेल.

मामा : अन् तुमी पाठवलेले पोट्टे? मी पाह्यले हायेत. मैदानावर वाऱ्यावानी पळते. पहिल्याच पावसाळ्यात बीटवर, म्हंजे नेमून देल्ल्या रानात, गेले, नाला भरला, रात्र कुटीत काढा लागली, का दुसऱ्या दिवशी घरी फोन. बदलीसाठी कोनाची वळख लावाची, याचीच त्यायले काळजी. डांबरी सडकेवर पंचवीस किलोमीटर चालनं वेगळं अन् वानच्या दरीत पाच किलोमीटर चढनं वेगळं.

रानातलं वर्ष

सर : बरं, एका हंगामात ती नेमकं काय शिकेल ते तरी सांगा.

मामा : सागजडी शिकन. गादीवाफ्यावर साग पेरला, वर्षाचं रोप झालं, का उपटाचं. बोटाच्या जाडीचं निवडाचं, बारकं बाजूले टाकाचं. मंग धारदार कोयता घेऊन वरचं खोड उडवाचं, बुडाशी इंचभर ठेवाचं. खालची मुळी वीतभर ठेवाची, बाजूच्या बारक्या मुळ्या छाटाच्या. घाव एकच पायजे. दोन घाव पडले का साल फाटते, अन् फाटली का जडी सडते. मंग जुड्या बांधून सावलीत ठेवाच्या. पहिला दमदार पानी पडला, जमीन वीतभर वली झाली, का पहारीनं भोक पाडाचं, जडी उभी घालाची अन् टाचेनं माती दाबाची. आत हवा रायली का ते रोप गेलं. कागदावर लागवड शंभर टक्के दिसते, रानात झाडं मोजली का निम्मे. काहून? टाच नाही मारली म्हनून.

सर : हे मजुराचं काम झालं. वनरक्षकानं ते करून घ्यायचं असतं.

मामा : ज्यानं केलं नाही त्याले करून घेता कसं येईन? मजूर त्याले पहिल्याच दिवशी ओळखते.

सर : पुढं?

मामा : दिवाळी झाली का गवत वाळते. जाळरेषा कापा, थंडीतच जाळून साफ करून ठेवा. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम. मोहफुल येचणारे झाडाखालचा पाला पेटवून देते, थेच आग सरकत डोंगरावर जाते. आता पाठीवरचं ब्लोअर आलं, त्यानं पाला उडवून पट्टा साफ होते. चांगलं यंत्र हाय. पन थे यंत्र चालवाच्या आधी माणसाले ठावं पायजे का आग चढावर लवकर धावते. तिच्या वरच्या अंगाले कवाच उभं रायचं नाही. बाजूनं यावं, जळून गेलेली जमीन पाठीशी ठेवावी. हे पुस्तकात असन तं मले सांगा.

सर : आहे हो पुस्तकात. पण तुम्ही सांगता तसं डोक्यात बसत नाही, हे कबूल. आता माझं ऐका. तुमच्या उमेदीत जंगलाचं काम म्हणजे तोड. कूप आखायचं, झाडावर हातोडा मारायचा, साग पाडायचा, परतवाड्याच्या डेपोत पोचवायचा. मेळघाटात १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्प आला तेव्हापासून गाभ्यातल्या जंगलात राखण हेच मुख्य काम होत गेलं. आता मोबाईलवर गस्तीची नोंद होते. कुठून चाललात, किती चाललात, कुठं ठसा दिसला, सगळं उपग्रहाच्या नोंदीत. कॅमेरा ट्रॅप लावायचा, चित्रं काढून घ्यायची, विष्ठा गोळा करायची, नमुना पिशवीत भरून क्रमांक टाकायचा. हे सगळं वर्दीतल्या माणसाच्या सहीनं पुढं जातं. आणि गुन्ह्याचं म्हणाल तर पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडायचा अधिकार कुणाला? मजुराला कुऱ्हाड दिसते, पण ती जप्त करतो वनरक्षक.

मामा : अन् थे कुऱ्हाड कोनत्या वावरात लपवली, हे त्याले कोन सांगते?

सर : मजूरच सांगतो. म्हणूनच म्हणतो, एवढं कळणाऱ्या माणसाच्या हातात अधिकारही असावा. नात तुमची आहे. सगळं ठाऊक असून तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीची वाट बघावी, असं वाटतं का तुम्हाला?

हजेरीचा कागद

मामा यावर थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःचीच गोष्ट काढली, आणि ती सरांच्या बाजूनं गेली.

मामा : मी पोट्टा असतानी रोजीनं लागलो. हंगाम आला का काम, हंगाम गेला का वावर. कोनी साहेब चांगला भेटला तं वर्षभर काम, कोनी नाही भेटला तं दोन महिने. १९९६ साली सरकारनं जुन्या मजुरायले कायम केलं. माह्यासोबतचे दोघं लागले, मी रायलो. पाच वर्षं, दरवर्षी २४० दिवस, असा हिशेब होता. मी काम केलं होतं, पन एका साहेबाच्या काळात माह्यं नाव हजेरीवर दुसऱ्याच्या नावानं चाललं. कागदावर दिवस कमी पडले. मी कायम झालो थो पार २०१२ मधी. त्याच्यानंतर नोकरी रायली किती? दोन-चार वर्षं.

सर : ही गोष्ट एकट्या मामांची नाही. ३१ जानेवारी १९९६ च्या शासन निर्णयानं ८,०३८ रोजंदारी मजुरांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरची, पदं निर्माण झाली. त्यानंतर थेट १६ ऑक्टोबर २०१२ च्या निर्णयानं आणखी ६,५४६. मध्ये सोळा वर्षं गेली. आणि १९९६ चा निर्णय आला त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर १९९५ मध्ये, पुण्याच्या पाचगाव-पर्वती योजनेतल्या वनमजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला होता. वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबवून घ्यायचं आणि कायमपणाचे लाभ द्यायचे नाहीत, ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं न्यायालयानं मानलं. पण पुढं २००६ च्या उमादेवी निकालात घटनापीठानं सांगून टाकलं की भरतीची रीतसर वाट सोडून आत आलेल्याला कायम होण्याचा आपोआप हक्क नाही. म्हणजे मामा ज्या दारातून आत आले ते दार आता जवळजवळ बंद आहे. ‘लाग रोजीनं, पुढं कायम करू’ असं आज कुणी म्हणालं तर ती थाप समजायची.

मामा : मी कोठी म्हनतो तिनं जलमभर रोजीनं राहावं? एक हंगाम. फार तं दोन.

सर : मग त्या एका हंगामाचेही नियम ठरवा. मजुरी बँकेच्या खात्यात आली पाहिजे, रोख नको. हजेरीपटावर नाव तिचंच, सही तिचीच. कामाचे दिवस स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहायचे, शक्य असेल तिथं हजेरीचा फोटो ठेवायचा. काम ठेकेदाराचं की विभागाचं, हे पहिल्याच दिवशी विचारायचं. आगीवर गेलं, अस्वलानं धरलं, हात कापला, तर नुकसानभरपाई मागताना हेच कागद कामाला येतात. उद्या कुठली सवलत निघाली तरी पुरावा हाच.

मामा : हे बराबर बोलले. आमी घाम ठेवला, कागद नाही ठेवला.

दोघांचं इथं जमलं. पण मुलीनं तोंड उघडलं आणि वाद पुन्हा पेटला.

मुलीचा प्रश्न

मुलगी : संरक्षण कुटीत मला एकटीला राहावं लागेल का? सगळे बाहेर बाहेरचं बोलतात, हे कुणी सांगत नाही.

सर : गस्त एकट्यानं घालत नाहीत. सोबत मजूर असतो, दुसरा वनरक्षक असतो. मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आज कितीतरी मुली बीट सांभाळतात. व्याघ्र संरक्षण दलातही मुली आहेत.

मामा : सर, तिनं इचारलं थे सांगा नं. कधी कधी रात्री माणसं कमी पडते. कुटीत दोघी असते, कधी सोबतीले मजुराची बायको येऊन झोपते. संडास, पानी, लाइट याची सोय कोठी हाय, कोठी नाही. मोबाईलले टॉवर नाही. मेळघाटात वाघापेक्षा अस्वलाचं भेव जास्त. वाघ बाजूले होते, अस्वल अंगावर येते. वाऱ्याच्या उलट्या दिशेनं तुमी जाऊन रायले, त्याले वास नाही आला, का समोरासमोर गाठ.

सर : ठीक आहे, मग मीही झाकून ठेवत नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या व्याघ्रगणनेच्या कामावर होत्या, पायी, सोबत मजूर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनक्षेत्रपाल दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं. वरिष्ठांच्या जाचाचे आरोप झाले, साऱ्या राज्यात त्याची चर्चा झाली. म्हणजे धोका झाडीतूनही येतो आणि कचेरीतूनही. हे ऐकून तू नको म्हणालीस तर मी तुला भित्री म्हणणार नाही. पण हो म्हणालीस तर दोन सवयी आत्तापासून लाव. रानात वाट सोडून एकटं आत शिरायचं नाही. आणि कचेरीत त्रास झाला तर तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची, घरी सांगायचं.

मुलगी : आणि बीट घराजवळ मिळेल का?

सर : हे स्वप्न आधीच काढून टाक. अर्ज वनवृत्ताला करायचा असतो आणि नेमणूक त्या वृत्तात कुठंही होते. अमरावती वृत्त निवडलंस तरी आपलं वान किंवा नरनाळा मिळेलच असं नाही. शिवाय धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथल्या वनरक्षकाच्या जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखण्याचा निर्णय २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं झालेला आहे. कोरकू आदिवासी पोरांच्या हक्काचं ते आहे. हिवरखेड त्या क्षेत्रात नाही.

मामा : अन् थे बरोबरच हाय. त्यायच्या रानात राखणदार त्यायचाच पायजे. मले झाडं वळखाले कोरकू माणसानंच शिकवलं.

तिसरी वाट

मुलगी : तुम्ही दोघं सारखं वनरक्षक आणि मजूर एवढंच बोलता. विज्ञान घेतलंय मी.

सर : हे मी आधीच बोलायला हवं होतं. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनविद्येची चार वर्षांची पदवी आहे. सीईटी द्यायची, गुण आणायचे. पदवी झाली की लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा. त्यातून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक. वनरक्षकाचा वनपाल बढतीनं होतो, पण त्याला वर्षं लागतात. पदवीवाल्याला परिक्षेत्राचा कारभार सुरुवातीलाच मिळतो.

मामा : पदवीले पैसा लागते. घरी तिच्या मागं भाऊ हाय.

सर : म्हणूनच दोन्ही वाटा एकाच वेळी चालायच्या. पदवीचा प्रवेश घ्यायचा आणि भरतीची जाहिरात आली की अर्जही भरायचा. वनरक्षकाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. घरात एवढं नियमित आलं तर भावाचंही शिक्षण होतं.

मामा : अन् वर्दीच पायजे असं काहून? पायविहीरवाल्यायनं वर्दी घातली होती का?

परतवाड्याजवळच्या पायविहीरची गोष्ट मामांना तोंडपाठ आहे. वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उघडाबोडका डोंगर गावकऱ्यांनी चराईबंदी करून, झाडं लावून, पाणी अडवून पुन्हा हिरवा केला. तिथली सीताफळं ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं मुंबईच्या बाजारात पोचली आणि २०१४ मध्ये गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तर २०११ मध्येच आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला सुरुवात केली होती.

सर : मान्य. पण पायविहीर एका माणसानं अर्ज करून मिळत नाही. अख्खं गाव उभं राहावं लागतं, ग्रामसभा जागी असावी लागते. पहिली तारीख आली की पगार जमा होतो, तसं तिथं होत नाही.

मामा : नाही होत. पन अशा गावायले हिशेब लिहनारं, झाडं मोजनारं, नकाशा वाचनारं माणूस पायजे. नरनाळ्याच्या शहानूर गेटवर गाईड लागते. संशोधन करनारे येते, रानपिंगळा पाहाले, वाघ पाहाले. त्यायले वाट दाखवनारा, नोंदी घेनारा पायजे. तेंदूच्या हंगामात फडीवर सत्तर-सत्तर पानाचे पुडे मोजाले हिशेबी माणूस पायजे. पोट्टी शिकलेली हाय, तिले हे काम कोन नाही म्हनन?

सर : गाईडचं काम पावसाळ्यात बंद. तेंदू उन्हाळ्यातले काही आठवडे. संशोधकांचा प्रकल्प संपला की काम संपलं. जोडधंदा म्हणून उत्तम, पण त्याच्या भरवशावर घर चालत नाही.

मामा : तुमचं सगळं पगारापाशी येऊन थांबते.

सर : मी पोरांच्या आईबापांना तोंड देतो, मामा. ते मला पगाराचंच विचारतात.

कुणाचं बरोबर?

हा वाद ऐकताना दोघांपैकी एकाची बाजू घेणं सोपं वाटतं, पण ते चुकीचं ठरेल. आत शिरण्याच्या वाटेबद्दल सरांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. रोजंदारीतून कायम होण्याची आशा धरून आज कुणी पोरा-पोरीला जंगलात पाठवू नये. १९९६ आणि २०१२ या दोन सालांच्या मधल्या सोळा वर्षांत किती जणांचं वय निघून गेलं, याचा हिशेब मामांसारख्यांच्या घरोघर आहे. कामाबद्दल मात्र मामांचं बरोबर आहे. ज्यानं आगीचा चटका, पावसातली चढण आणि कुटीतली रात्र एकदाही पाहिलेली नाही, त्याला आपण कशासाठी अर्ज करतोय हेच ठाऊक नसतं. मग नोकरी लागल्यावर पहिला अर्ज बदलीचा जातो आणि बीट मोकळं राहतं.

तेव्हा हिवरखेड, अडगाव, दानापूर, सोनाळा, कुठल्याही पायथ्याच्या गावातल्या मुलामुलींनी क्रम असा लावावा. बारावीनंतर शिक्षण सोडू नये. वनविद्या जमली तर उत्तम, नाहीतर कोणतीही विज्ञानाची पदवी. त्याच काळात एक उन्हाळा रोपवाटिकेत किंवा आगीच्या पाळीवर काढावा, मजुरी खात्यात घेऊन आणि दिवस वहीत लिहून. मे महिन्यातल्या बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद घेण्याचा कार्यक्रम असतो; पैसे असले आणि नंबर लागला तर एकदा तोही अनुभव घ्यावा. मैदान रोजचं. लेखी परीक्षेत इंग्रजी आणि गणित हेच आपल्या भागातल्या पोरांना मागं ओढतात, त्यामुळे पळण्याइतकाच वेळ त्यांना द्यावा. किती भरत्या द्यायच्या, कोणत्या वयाला थांबायचं, हे सुरुवातीलाच घरी बसून ठरवावं. तिशी उलटून गेल्यावर हातात ना पदवी ना धंदा, अशी पोरं प्रत्येक गावात आहेत. आणि ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नये. ऑनलाइन परीक्षेत त्याच्या हातात काही नसतं आणि असलंच तर तो तुरुंगाचा रस्ता आहे.

एक मागणी सरकारकडेही आहे. वनरक्षक निवडण्याच्या २०० गुणांत समोरचं झाड ओळखण्याला एकही गुण नाही, आग हाताळण्याला नाही, ठसा वाचण्याला नाही. पळण्याला ८० आहेत. त्या ८० मधले वीस गुण रानात नेऊन घेतलेल्या तोंडी परीक्षेला द्यायला काहीच हरकत नसावी. तसं झालं तर पायथ्याच्या गावातली, कोरकू ढाण्यातली, म्हणजे वस्तीतली, पोरं आपोआप पुढं येतील, कारण त्यांचा तो अभ्यास घरातच झालेला असतो. पुढची जाहिरात निघण्याआधी वन विभागानं एवढा बदल करावा.